शहादेवच्या पोरीची आत्या

पैज लागली भिवरामावशीच्या ओट्यावर. शेजारचा शहादेव अन् त्याची दुसरी बायको सुकन्या, दोघं पोरासाठी मोठ्या डॉक्टरकडं गेलते.

मी हासलो. "नसबंदी केलेल्या गड्याला पोर? खच्ची केलेल्या बोकडाला करडं होतेत का, मावशी?"

मावशीची हयात शेरडं राखण्यात गेलेली. "येड्या भागवत, खच्ची येगळं. नसबंदीत गड्याचं बी तयार होतंच, निस्ती वाट बंद. हारलास तर बारशाला तू आत्या! शहादेवला बहीण न्हाई."

"कबूल!"

शहादेवनं नऊ वर्षांमागं नस कापून घेतली, कावून तर पहिल्या बायकोचं आपरेशन केलं असतं तर ऊसतोडीत मोळ्या कोण उचलणार? पुढं ती वारली. सुकन्याला आपलं एक लेकरू पाहिजे होतं. डॉक्टर म्हणले, नस परत जोडता येती. न्हाई जमलं तर सुईनं बी काढून बाहेर गर्भ करता येतो. खात्री कशाचीच न्हाई, वर्षं लई झाली की आशा कमी. त्यांनी नस जोडून घेतली.

वर्षभरानं सुकन्याला दिवस गेले. मी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर डोळा मारला, "शहादेव तर बंद हाय बे. मग हे कुणाचं?" समदे खिदळले.

चौथ्या दिवशी शहादेव दारात. हातात कागद.

"वाच."

आपरेशननंतरची तपासणी. बी सापडलेलं, तारखेसकट.

"नळावर बाया तिला घागर लावू देत न्हाईत. आई म्हणती, माहेरी धाड. दोन दिस जेवली न्हाई ती. तुझी मस्करी झाली बे, भागवत."

मस्करी एवढ्या लांब जाती, हे मला ठावंच नव्हतं.

बारशाला समदी गल्ली जमली. ढाब्यावरचे खिदळणारे मी सोता बोलावून आणले. मावशीचं हिरवं लुगडं नेसून, मिशीवर पदर घेऊन मी पाळण्यात वाकलो. पोरीच्या कानात कुर्रर्र केलं. मग ताठ होऊन वरडलो, "आरोही! बापाचं नाव शहादेव! ऐकू आलं का समद्यांला?"

आत्याच्या पाठीत बुक्के घालायचा रिवाज. बाया तुटून पडल्या. तेवढ्यात बाळंतीण सुकन्या बाजेवरून उठली. बाया बाजूला झाल्या.

"ह्यो नळावरचा," म्हणली. डोळ्यापुढं काजवे चमकले.

"अन् ह्यो ढाब्यावरचा."

मी पाठ तशीच वाकवून धरली. "अजून एक घाल, वैनी. सासूबाईचा राहिला."