तळची फळी

मातीचं तिसरं पोतं पाण्यात सोडलं, तरी बंधाऱ्याच्या बुडातून यायचं ते पाणी येतच राहिलं. पोतं शेवाळावरून घसरून भलतीकडेच जाऊन बसलं होतं. बेकरीवाल्याने दोरी झटकली, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"काका, फळी केलीत की चाळणी?"

चार-दोन जण हसले. सुतार हसला नाही, रागावलाही नाही. काठावरच्या दगडावर बसून तो पाण्याकडे बघत होता, जणू हे सगळं तिऱ्हाइताबद्दल चाललंय. बायको गेल्यापासून त्याचा चेहरा असाच होता. लोक आधी हळहळले, मग त्यांच्याही अंगवळणी पडलं. रडला असता तर कुणी पाठीवरून हात तरी फिरवला असता. पण या माणसाने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

बंधाऱ्यावर गावाचा भारी जीव. डोंगरउतारावर चर खणून, झाडं लावून, झऱ्यांतला कचरा उपसून लोकांनी मरायला टेकलेली नदी पुन्हा वाहती केली होती, आणि मग दगडी खांब उभारून हा बंधारा बांधला होता. पाऊस सरला की खांबांच्या खाचांत लाकडी फळ्या बसवायच्या आणि पाणी अडवायचं. फळ्या दरवर्षी सुतारच करायचा. त्यातून मुंगीलाही वाट मिळत नाही, असं लोक पाहुण्यांना कौतुकाने सांगत. फक्त मधल्या गाळ्यात तळाशी मुद्दाम थोडी फट ठेवलेली असे, खालच्या वस्तीसाठी. तिथली विहीर नदीकाठचीच. नदी आटली की विहीरही आटायची.

यंदा पावसाने हात आखडता घेतला. समितीने ठरवलं, फट ठेवायची नाही. बैठकीत भराभर हात वर झाले. सुताराचा हात ना इकडे गेला, ना तिकडे. अध्यक्ष असलेल्या नर्सबाईंनी तो होकारच धरला. का धरू नये? खालच्या वस्तीत त्याची मुलगी राहत होती, पण त्याच्याच कारखान्यात काम शिकलेल्या लंबूशी तिने परस्पर लग्न केलं, तेव्हापासून त्याने तिचं नाव टाकलं होतं. अशा माणसाला खालच्यांचा काय पुळका!

पण फळ्या बसवायच्या आदल्या दुपारी सुताराने तळच्या फळीच्या कडेवर रंधा धरला आणि मधोमध चंद्रकोरीसारखा भाग काढून टाकला. ते करताना त्याला मुलीची दया आली नाही, गावाची भीती वाटली नाही. बायको काही ना काही निमित्त काढून खाली जायची आणि तो काणाडोळा करायचा. आता कुणी जात नव्हतं. निदान पाणी तरी जावं, एवढंच त्याच्या मनात आलं.

"काका, खरं सांगा," नर्सबाई त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "फळी सुकून आटली का?"

"आटली असेल."

"तुमची फळी?"

"लाकूडच आहे, बाई."

नर्सबाईंनी हात टेकले. "मी खालून लंबूला बोलावलंय. तुम्हाला आवडणार नाही, पण दुसरा सुतार आणू कुठून?"

सुताराने मान हलवली. लंबूला एका नजरेत कळणार, हे त्याला ठाऊक होतं. आटलेल्या फळीची फट सरळ असते, ही वाकडी होती. त्यात शहाण्याने कड पॉलिशपेपरने घासून गुळगुळीतही केली होती. खडबडीत कड हातावेगळी करणं जन्मात जमलं नव्हतं, ते लबाडी करतानाही जमलं नाही. आता चोरी उघडी पडणार, लोक कसंही करून ती फट बुजवणार आणि खालची विहीर कोरडी पडणार. हे सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं, पण त्याचं काळीज काही हललं नाही.

लंबू आला. सासऱ्याकडे न बघता चपला काढून बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उतरला आणि फळीपाशी उकिडवा बसला. पाण्याच्या धारेत हात घालून त्याने कडेवरून बोट फिरवलं. मधोमध बोट थांबलं. त्याने वर बघितलं. सुतारही बघत होता.

"काय निघालं?" बेकरीवाल्याला धीर नव्हता.

लंबू ओला हात पुसत वर आला. "काकांचा हात गेलाय," तो म्हणाला. "माप चुकलंय. वय झालं की व्हायचंच."

या वेळी कुणी हसलं नाही. बेकरीवाला उगाच दोरी गुंडाळायला लागला.

"मग फळी बदलू या," नर्सबाई म्हणाल्या.

"भरल्या पाण्यात? ती ओढलीत तर वरच्या सगळ्या निसटतील. आणि फट बुजवूही नका. मधे बारीक झालीय, सगळा भार आला तर मोडेल. गळतेय म्हणून टिकलीय. पाऊस येईपर्यंत अशीच राहू द्या."

"तू खालचा आहेस रे. तुझ्या पथ्यावरच पडतंय हे."

"बंधारा फुटला तर पहिलं माझंच घर वाहून जाईल, बाई."

नर्सबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी फळ्या तू कर. काका, तुमची काही हरकत?"

सुताराने नाही म्हणून मान हलवली.

माणसं पांगली. हात गेलाय. ज्याला रंधा धरायला शिकवलं, त्याने हे चारचौघांत सांगितलं होतं, आणि का सांगितलं तेही सुताराला कळलं होतं. तरी ते लागलं. छातीत कुठेतरी चांगलंच लागलं, आणि आपल्याला काहीतरी लागलंय याचंच त्याला नवल वाटलं.

लंबू चपला हातात घेऊन जवळ आला.

"तिनेच पाठवलं मला," तो हळूच म्हणाला. "म्हणाली, बाबांची फळी आटायची नाही. जाऊन बघ, आणि दिसेल ते कुणाला सांगू नकोस."

"पाणी पुरतंय?"

"पुरतंय."

सुताराने मान डोलावली. पुढे काही विचारावंसं वाटलं. मग कुणाला कळवायचंच राहून गेलं असावं तसा तो म्हणाला,

"तिची आई गेली रे."

त्या दिवशी लंबूने खांदा दिला होता. पण तो तसं काही बोलला नाही. चपला खाली ठेवून तो दगडावर त्याच्या शेजारी बसला.

"हो, काका," तो म्हणाला. "कशी गेली?"