कबऱ्या रेड्याचे लाड

सकाळी मागच्या खोलीत वडिलांच्या पेटीपाशी कॉफी ठेवायची, "बाबा, बुंगाकडे जाऊन येते" म्हणायचं, आणि मग चिखलातून गोठ्याकडे उतरायचं, हा रान्नूचा रिवाज होता. वडिलांचा श्वास थांबून दोन पावसाळे झाले होते. पण अंत्यसोहळ्यात रेड्याचा बळी पडेपर्यंत इंडोनेशियातल्या या तोराजा मुलखात मेलेला माणूस आजारीच मानतात, आणि रान्नूने तो सोहळा लांबवत आणला होता.

बुंगा कबरा रेडा होता. गोऱ्या अंगावर शाई सांडल्यासारखे डाग, डोळे निळे. चर्चला निघालेल्या बायका त्याच्यासाठी वाट वाकडी करत. वडील तर आधी त्याला अंघोळ घालत, मग स्वतः जेवत. त्यांनीच त्याला निवडला होता, आपल्या शेवटच्या प्रवासात बसून जायला.

या वर्षी भाऊ साम्पे पापुआहून खाणीतलं काम सोडून आला.

"ताई, आता काय अडलंय? मांडवाला बांबू मिळत नाहीत?"

"बुंगाची शिंगं अजून भरायचीत."

पाकान काका खो खो हसले. "शिंगं भरायचीत म्हणे! तोवर तुझ्या बापाची पाठ मोडली पेटीत पडून पडून."

"काळे रेडे द्या ना, काका. हवे तेवढे काळे द्या."

"काळ्यावर बसून जाईल का तो? अगं, लाडका आहे म्हणून तर कापायचा. नावडता कोण कुणाला देतं?"

काका उठून गेल्यावर साम्पेने हळूच विचारलं, "तुला बुंगाला सोडवत नाहीये की बाबांना?"

दुसऱ्या दिवशी रान्नूने होकार दिला.

सोहळ्याच्या मैदानात बुंगा एका जागी उभा राहीना. रान्नू दिसली की तिच्याकडे वळायचा. सुरीवाला वैतागला. "पोरी, तूच ये इथं समोर. तुला बघून तरी गप राहील."

ती समोर जाऊन उभी राहिली. तो गप राहिला.

बायका ढसाढसा रडल्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं. "काय देखणा होता गं!" म्हणत त्यांनी डोळे पुसले, मग मांसाचे वाटे घेतले. त्या दुपारी लोकांनी वडिलांना पहिल्यांदा 'गेला' म्हटलं.

वडिलांना कड्यातल्या थडग्यात ठेवून परतताना शेजारच्या गोठ्यापुढे गर्दी दिसली. नवं कबरं पारडू आणलं होतं. बोळक्या तोंडाची लेबांग आजी त्याला मांडीशी घेऊन गवत भरवत होती.

"ये रान्नू, डोळे बघ याचे! माझ्या सोहळ्यासाठी आणलाय पोरांनी." आजी लाजल्यासारखी हसली. "लेकीला बजावून ठेवलंय, त्या रान्नूसारखी रेंगाळू नकोस. हात लाव ना, कसा मऊ आहे बघ."

रान्नूने हात लावला. पारडू तिची बोटं चाटू लागलं. तिने हात तसाच राहू दिला.