चित्रं कोणाची

तिने शोधाच्या चौकटीत आईचं पूर्ण नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर एकच खेळ उमटला. बाबांचा. निळी झारी घेऊन कुंपणांवरून उड्या मारणारा माळी. खाली ‘प्रोग्रॅम’पुढे बाबांचं नाव होतं, ‘चित्रं’पुढे आईचं.

“हे काय?” बाबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.

“जुन्या व्हिडिओ गेम्सची साइट, बाबा. उद्या सुरू करतेय. खेळाचं नाव आठवत नसलं तरी सापडेल. रंगावरून, उडीवरून, करणाऱ्यांच्या नावावरून.”

“करणारा मी आहे.”

“प्रोग्रॅम तुमचा. माळी आईचा.”

“खेळाच्या डब्यावर बघ. एकच नाव आहे. इतक्या वर्षांत कोणाची तक्रार आली नाही.”

“तक्रार करणारी स्वयंपाकघरात होती.”

आतला नळ बंद झाला.

बाबांचा आवाज खाली आला. “आणि मुलाखती दिल्यात त्यांचं काय? खोटं बोलत होतो म्हणून सांगू? ते नाव काढ. नाहीतर माझा खेळ तुझ्या साइटवर चालणार नाही. हक्क माझ्याकडे आहेत.”

ही पोकळ धमकी नव्हती. साइटची कुणकुण लागल्यापासून जो तो त्या माळ्याचीच चौकशी करत होता. जुन्या कार्ट्रिजमधला तो खेळ ब्राउझरवर पळता करायला तिने अख्खा हिवाळा घातला होता.

तिने खेळाची नोंद उघडली. ‘खेळा’ हे बटण पुसून टाकलं. त्या जागी लिहिलं, ‘हक्कधारकाची परवानगी नाही’, आणि सेव्ह केलं.

“अगं, काय केलंस हे?”

“तुम्ही म्हणालात तेच. खेळ गेला. नाव राहिलं.”

“बाईसाहेब, दुकान उघडण्याआधीच दिवाळं काढताय.”

“दुकान माझं आहे.”

आई हात पुसत बाहेर आली. पडद्याशी वाकून तिने माळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“याच्या हातात झारी का आहे, माहितेय? मोजक्या ठिपक्यांत चित्र बसवायचं, बोटं दाखवायला ठिपकेच उरले नव्हते.” मग तिने पदराने चष्मा पुसला. “ते नाव काढ.”

बाबा खुर्चीत मागे रेलले. “घे. तिलाच नकोय.”

“आई, असं काय करतेस?”

“हा माळी रंगवला तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. माहेरचं नाव घाल.”

बाबा खुर्चीत पुन्हा सरळ बसले.

“त्या नावाने तुला शोधणार कोण?”

आईने खुर्ची पुढे ओढली, कीबोर्ड आपल्याकडे वळवला आणि एका बोटाने पहिलं अक्षर शोधू लागली.