अकरा केस

ढोल्याचं वजन उतरून पंधरा वर्षं झाली होती, नाव काही उतरलं नव्हतं. ताईने ठेवलेलं नाव, ते कोण काढणार? चाळिशीला टेकलेला, चष्मेवाला, बाटल्यांची आणि डब्यांची लेबलं छापणाऱ्या कंपनीत नोकरी करणारा चांगला मोठा माणूस. पण ताईने "ए ढोल्या!" म्हणून हाक मारली की दोन मजल्यांना ऐकू जायचं आणि हा निमूटपणे ओ द्यायचा.

कंपनीत त्याचं काम वेलींचं. लेबलाच्या कडेने ज्या नागमोडी वेली फिरतात ना, त्या. हाताने काढायच्या नाहीत, हातात पेन्सिल धरली तर याच्याकडून सरळ रेघही वाकडी यायची. हा कोड लिहायचा आणि कोड वेली काढायचा. त्यातलं एक मुख्य दुखणं असं, की कॉम्प्युटरला वाकडी रेघ काढ म्हटलं की तो काढतो, पण इथून तिथून एकाच जाडीची. वाकवलेली तारच जणू. वेल कशी मध्ये भरलेली आणि टोकांना निमुळती हवी. म्हणून ढोल्या वळणावरून थोडं थोडं पुढे सरकायचा, प्रत्येक ठिकाणी जितकी जाडी हवी तितका दोन्ही बाजूंना सरकून एकेक बिंदू ठेवायचा, आणि मग ते बिंदू जोडून मधली जागा भरून टाकायचा. तारेची वेल व्हायची. बारा वर्षं तो हेच करत होता आणि घरात कुणालाही तो नेमकं काय करतो हे सांगता आलं नसतं.

त्या गुरुवारी ताईचा फोन आला तो मात्र इतक्या हळू आवाजात की त्याला आधी वाटलं, चुकून लागलाय.

"ढोल्या, तू रेघा काढतोस ना रे? मला भुवया काढून दे."

नऊ महिन्यांची औषधं संपली होती. डॉक्टरांनी पाठ थोपटली होती, आता शाळेत जा म्हणाले होते. ताई सातवीला शिकवायची. डोक्याचे केस गेले त्याचं तिने फारसं मनावर घेतलं नाही, रुमाल बांधला आणि मोकळी झाली. पण भुवयाही गेल्या होत्या.

"पेन्सिलने काढ की," ढोल्या म्हणाला.

"बोटांना मुंग्या येतात अजून. काल काढल्या. एक कपाळावर चढली, दुसरी कानाकडे निघाली. तुझे दाजी म्हणाले, छान दिसतंय. त्या माणसाचं काय ऐकायचं!"

"पण येतील ना परत?"

"सहा महिन्यांनी येतील म्हणतात. शाळा सोमवारी आहे."

सोमवारचं गणित सरळ होतं. ताई सोमवारी वर्गावर उभी राहिली तर वर्ग तिचा. नाही राहिली तर तो बदली आलेल्या बाईंकडे कायमचा जाणार आणि ताईला ग्रंथालयात बसवणार. मुख्याध्यापिकांनी फार मायेने सांगितलं होतं, दगदग नको म्हणून. "पुस्तकांना काय, बाईला भुवया नसल्या तरी चालतात," ताई म्हणाली आणि हसायला गेली, पण ते हसू काही जमलं नाही. "ऐक ना. मी आरशासमोर रागावून बघितलं. मग हसून बघितलं. दोन्ही सारखंच दिसतं रे. मी रागावलेय हे पोरांना कळायचं कसं? मी जाणार नाही तशी. सांगून ठेवते."

बावीस वर्षं त्या बाईने एक भुवई वर करून अख्खे वर्ग गप्प केले होते. "सोमवारच्या आत देतो," तो म्हणाला, आणि कसं ते त्याला बिलकूल माहीत नव्हतं.

कागदाची अडचण नव्हती. पोरं हातावर वाघ-सिंह चिकटवतात तो कागद, ओला करून दाबला की चित्र कातडीवर उतरतं. कंपनीत तो होता. साहेबांना विचारून ढोल्याने त्याची चळतच घरी आणली. अडचण होती ती भुवईची. शुक्रवारी त्याने आपली वेल घेतली, आखूड केली, काळी केली आणि छापली. ताईने चिकटवली आणि दाजी, जे बायकोपुढे कधी खोटं सोडून काही बोलले नाहीत, तेसुद्धा म्हणाले, "अगं, हे सुरवंट आहेत."

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. भुवई ही रेघ नव्हेच, दोन-अडीचशे रेघा आहेत. घरी येऊन त्याने वेलीच्याच हिशोबाने केस काढले, तर ते झाले तांदळाचे दाणे! कारण वेल दोन्ही टोकांना निमुळती, आणि केस तसा नसतो. केस मुळाशी जाड, वळत वळत बारीक होत जाणारा, आणि शेवटी इतका बारीक की कुठे संपला ते कळू नये. बारा वर्षं हेच काम करून गड्याला साधा केस कसा असतो ते माहीत नव्हतं. कोडमधला जाडीचा सगळा भाग त्याने पुन्हा लिहिला.

शनिवारी त्याने ताईचा आजाराच्या आधीचा एक मोठा फोटो घेतला. प्रोग्रॅमने फोटोतला एकेक केस शोधायचा, त्याचं वळण बघायचं आणि तसाच काढायचा. उजवी भुवई झकास आली. डावीही आली, फक्त शेपटाकडे गव्हाच्या दाण्याएवढी जागा मोकळी राहिली. फोटोत तिथे ताईने पेन्सिल फिरवलेली दिसत होती, पण पेन्सिलला केस मानायला प्रोग्रॅम तयार नव्हता.

ढोल्याला ती जागा चांगलीच माहीत होती. तो नऊ वर्षांचा असताना भांडणात त्याने कौलाचा तुकडा भिरकावला होता, आणि तो ताईला तिथे लागला होता. जखम भरली, केस उगवले नाहीत. ताईने घरी सांगितलं, जिन्यावरून पडले. आई-बाबांना शेवटपर्यंत तेच माहीत होतं. पुढे ती मोठी झाली, रोज सकाळी त्या जागेवर पेन्सिल फिरवू लागली, आणि ढोल्याने मनाशी धरलं की हिला या खुणेची लाज वाटते. ती लाज आपण दिली. तीस वर्षं त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तीस वर्षं एक दिवसही तो ते विसरला नव्हता.

आता अशी संधी कोण सोडतो? त्याने प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि त्या जागेत स्वतः केस घातले. एकेक करून. प्रत्येकाला चार बिंदू, प्रत्येकाचं वळण वेगळं, प्रत्येकाची जाडी डोळ्याने बघून ठरवलेली. अकरा केस. सबंध दुपार गेली. इतकं सुंदर काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

रविवारी सकाळी ताईने दोन्ही भुवया चिकटवल्या, वर फडकं दाबून धरलं, मोजून थांबली आणि कागद सोलला. दाजी बघतच राहिले. "ही बघ, परत आली," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसायला आत गेले.

ताई आरशासमोर बसली. बराच वेळ बसली. ढोल्या मागे उभा, शाबासकीची वाट बघत.

"छान आहेत," ताई म्हणाली. "कुणाच्या आहेत?"

"म्हणजे? तुझ्याच. फोटोवरून काढल्यात."

"माझ्या नाहीत." तिने डाव्या भुवईच्या शेपटाशी बोट ठेवलं. "इथे केस नव्हते."

ढोल्या म्हणाला, "मी भरले. अकराच आहेत."

"का?"

"म्हटलं, तेवढी एक खूण तरी जाईल. तू रोज पेन्सिलने भरायचीस ना."

ताई गर्रकन वळली. रागावली होती, आणि भुवया असल्यामुळे ते स्वच्छ दिसत होतं. "नऊ महिन्यांत माझं काय काय गेलं त्याची यादी करू? केस गेले, नखं काळी पडली, जिभेची चव गेली. ही एक खूण तेवढी जागेवर राहिली, आणि तू आलास ती पुसायला!"

"ती मी केली होती, ताई."

"मला माहितीये तू केलीस! कपाळ माझंच होतं ना?"

"मग भरायचीस कशाला?"

"तुझ्यासाठी, मूर्खा!" ताई ओरडली. "जेवायला समोर बसलास की तुझी नजर इथे. घास घशाखाली उतरायचा नाही तुझ्या. म्हणून भरायला लागले. मला कसली आलीय लाज?"

ढोल्या मटकन पलंगाच्या कडेवर बसला. तीस वर्षं तो तिच्यासाठी झुरत होता आणि ती त्याच्यासाठी पेन्सिल झिजवत होती, आणि दोघांपैकी एकालाही तोंड उघडायची बुद्धी झाली नव्हती. त्याला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडला, आणि आत दाजींना वाटलं, भुवया बिघडल्या.

ताईने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता उचल तो कॉम्प्युटर आणि नीट काढून दे. आणि नुसते ते अकरा पुसून चालायचं नाही हं. खुणेच्या कडेचे केस वर नाही जायचे, आडवे पडायचे. रोज मी त्यांच्याशी झगडायचे, मला विचार."

मग ती सांगत गेली आणि तो काढत गेला. हा अजून आडवा. हा नको इतका लांब. तो बिंदू सरकवायचा, जाडी उतरवायचा, ती मान हलवायची. मध्ये एकदा त्याने पट्टी घेऊन तिच्या कपाळावरची खूण मोजली. ती जागा त्याने आयुष्यात पहिल्यांदाच हाताने चाचपली.

सोमवारी ती गेली.

ढोल्याचं कंपनीत कशातच लक्ष नव्हतं. घाम आला तर? मध्येच सुटली तर? पोरं हसली तर? सहा वेळा फोन उचलला आणि सहा वेळा ठेवला. संध्याकाळी त्याचाच वाजला.

"ए ढोल्या!" शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली, इतका आवाज.

"काय झालं? सुटली का?"

"कशाला सुटतेय! गोंधळ घालत होती कार्टी, नुसतं बघितलं त्यांच्याकडे. चिडीचूप." मग तिचा आवाज जरा खाली आला. "पुढच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. म्हणाली, बाई, तुमच्या भुवईला काय लागलं होतं?"

"मग?"

"सांगितलं. म्हटलं, माझ्या भावाने कौल फेकून मारलं."

"ताई! अगं, सगळ्या वर्गासमोर?"

"सगळ्या. अख्खा तास त्यातच गेला. नऊ महिने जो येतो तो विचारतो, आता कसं वाटतंय. आज पहिल्यांदा कुणी मला आजार सोडून दुसरं काही विचारलं रे."

"आणखी काय विचारलं पोरांनी?"

"त्यांना एवढंच हवं होतं, मी तुला उलट किती मारलं."

"मग काय सांगितलंस?"

"खरं तेच," ताई म्हणाली. "अजिबात मारलं नाही म्हटलं. रक्त माझं येत होतं, आणि रडत तो होता."