हारामागचा पिवळा दिवा

मी एक जुना पिवळा दिवा आहे. जीपच्या पुढच्या बंपरवर, जमिनीजवळ, खास धुक्यासाठी बसवतात तो. मित्रांनो, माझी काच तडकली आहे आणि मी एका गॅरेजच्या कोपऱ्यात पडून आहे. त्याचे मला दुःख नाही. मला राग आहे, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय माझा जीव शांत व्हायचा नाही.

सर्जेराव माझे मालक. अंबड ते अंकुशनगर अशी प्रवासी जीप ते स्वतः चालवत. १९९१ साली त्यांनी मला जुन्या जालन्यातल्या एका दुकानातून आणले. आमच्या रस्त्याला धुके फार. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला भिजवलेला ऊस. दिवाळीनंतर सकाळी पाहावे तर रस्ताच गायब! अशा वेळी मोठ्या दिव्यांचा अप्पर लावला, की उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. माझा उजेड मात्र खालून, रस्त्याला धरून जाई. रस्त्याची कड दिसे, खड्डा दिसे, पुढच्या बैलगाडीचे चाक दिसे. "सर्जेरावची गाडी म्हंजे बिनघोर," असे लोक म्हणत, आणि मला फार बरे वाटे.

मग १९९४ चा दसरा आला. सर्जेरावांच्या पत्नी नंदाबाईंनी जीप धुतली, कुंकवाचे स्वस्तिक काढले. सर्जेरावांनी झेंडूचा हा एवढा जाड हार बंपरवर आडवा बांधला. तो नेमका माझ्या तोंडावर आला. सणाचा दिवस म्हणून मी काही मनावर घेतले नाही. पण दुसऱ्या दिवशीही हार तिथेच!

"अहो, दिव्यावरून तेवढा सरकवा की," नंदाबाई म्हणाल्या.

"देवाच्या नावाचा हार हाय. हातानं काढायचा न्हाई. आपोआप गळू दे."

तो गळला तर नाहीच, दिवाळीला त्याच्यावर दुसरा चढला. मी पेटायचो, आणि उजेड कुणाला? सुकलेल्या फुलांना! सांगा, राग येणार नाही तर काय?

दिवाळीनंतर एका सकाळी दाट धुके पडले. अंकुशनगरच्या साखर कारखान्याचा भोंगा वाजायच्या आत माणसे पोचवायची म्हणून सर्जेरावांना घाई. समोरची काच आतून वाफेने भरलेली, ती ते बाहीने पुसत होते. माझा उजेड रस्त्यावर पडेना, म्हणून त्यांनी अप्पर लावला आणि पांढरी भिंत आणखीच जाड केली. पुढच्या सीटवर बसलेल्या उषाबाई घाबरल्या.

"भाऊ, जरा हळू घ्या. काहीच दिसून न्हाई राह्यलं."

"रोजचा रस्ता हाय, मावशी. डोळे झाकून चालवतो म्या."

अगदी खरे बोलले!

त्याच वेळी बिरू मेंढपाळ आणि त्याची बायको कडूबाई मेंढरे घेऊन रस्ता ओलांडत होते. मला काही दिसले नाही. फक्त घुंगरांचा आवाज आला, मग "थांबा! थांबा!" अशी ओरड. ब्रेक दाबेपर्यंत दोन मेंढ्या चिरडल्या होत्या आणि बिरूचा पाय चाकाखाली आला होता. जीप कडेच्या दगडाला धडकली, माझी काच तडकली. आतल्या माणसांना खरचटलेसुद्धा नाही.

भुजंग नावाचा एक प्रवासी खाली उतरला आणि हाराला हात जोडून म्हणाला, "हाराची पुण्याई! म्हून वाचलो बघा सगळे."

"धुक्यानं घात केला," सर्जेराव घाम पुसत म्हणाले.

बिरू रस्त्यावर विव्हळत होता. कडूबाईने त्याचे डोके मांडीवरून अलगद खाली ठेवले, ती माझ्यासमोर आली आणि दोन्ही हार तिने एका हिसक्यात तोडले.

"देवाला अंधारात बी दिसतं. दिवा तुला लागतो. मंग त्याच्यावरच हार काहून टाकला रे?"

सर्जेरावांची मान खाली गेली.

बिरूचा पाय वाचला, पण मेंढरांमागे चालण्याजोगा राहिला नाही. त्यांना कळप विकावा लागला. कडूबाई आता लोकांच्या ऊसतोडीला जाते. आणि सर्जेराव? गॅरेजमध्ये आले की अजून म्हणतात, "त्या दिवशी धुकं लई होतं." ते ऐकले की माझ्या तडकलेल्या काचेची आग आग होते.

मित्रांनो, गाडीची पूजा जरूर करा, हारही घाला. पण निघण्याआधी दिवे मोकळे करा, काच पुसा. दिसेल तेवढ्याच वेगाने चला, आणि अगदीच दिसेना तर कडेला थांबा. आणि एवढे सांगूनही कुणाचा पाय मोडलात, तर निदान धुक्याला बोल लावू नका. धुके गाडी चालवत नाही.