झारीचे सहा कोरडे दिवस

मित्रांनो, मी झारी. जुनी, पत्र्याची, एका बाजूला पोचा आलेली. माझ्या चाळणीला एकतीस भोकं आहेत आणि त्यातलं एक वाकडं आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कुणाच्या तरी पायावर पाणी उडणार आहे.

वसईच्या सॅन्टन नावाच्या कारागिराने मला रॉकेलच्या डब्यातून कापून काढलं. कडा कथलाने सांधल्या, चोचीला चाळणी बसवली, आणि शेवटचं भोक पाडताना त्याला शिंक आली. वटार गावच्या दयारामांनी मला तरीही घेतलं. तेव्हा ते तरुण होते. "वाकडं पाणीसुद्धा झाडालाच लागेल," असं म्हणाले. झाडाला नाही लागलं. पुढची तीस वर्षं ते त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला लागत राहिलं.

त्यांच्या वाडीत मी वांग्याची रोपं भिजवली, मोगऱ्याची कलमं जगवली, पानवेलीचे कोवळे शेंडे धुतले. शेजारचे लोक मला मागून न्यायचे. "बाकीच्या झाऱ्या पाणी ओततात, ही शिंपडते," असं माझ्याबद्दल म्हटलं जायचं. मग वाडीत पंप आला, काळ्या नळ्या आल्या, आणि मी विहिरीजवळच्या खुंटीला लटकले. एका कुंभारीण माशीने माझ्या चोचीत मातीचं घर बांधलं. मी तक्रार केली नाही. निदान कुणीतरी वापरत होतं.

तिथून मला अक्षयाने उतरवलं. दयारामांची नात, नववीत, राहायला विरारला मनवेलपाड्यात. तिला बाग करायची होती, तीही चार मजली बिल्डिंगच्या गच्चीवर. सेक्रेटरी अल्पेशकाकांनी तिला एक कोपरा दिला होता, पण अट घालून. मे महिन्यात सोसायटीची मीटिंग. तोवर कोपरा बागेसारखा दिसला तर तिचा, नाहीतर तिथे मंडपाचे बांबू ठेवायला पत्र्याची शेड.

अक्षयाने मोबाईलवर शेकडो बागा पाहिल्या. पांढरे गोटे, छोटा लाकडी पूल, जांभळी फुलं, आणि कोपऱ्यात एक जुनी झारी. म्हणून मी. तिने मला पिवळा रंग दिला. त्या रंगाने माझी बरीचशी भोकं बुजली. फोटोत मी छान आले, खरं सांगते. पाणी मात्र प्लॅस्टिकच्या मगने घातलं जाई.

थंडीत सगळं फुललं. फेब्रुवारी संपता संपता गच्चीची लादी दुपारी इतकी तापू लागली की चप्पल नसेल तर उड्या माराव्या लागत. नाजूक जांभळी फुलं आठवड्यात वाळली. अक्षया रडली नाही. तडक वटारला गेली आणि आजोबांकडून मोगऱ्याची सहा रोपं, सदाफुली, बोगनवेल आणि ऊन चढलं की उमलणारं ऑफिस टाइम घेऊन आली. सुईने माझी भोकं मोकळी केली. वाकडंसुद्धा.

मग सुरू झालं प्रेम. सकाळी झारी, शाळेतून आल्यावर झारी, संध्याकाळी झारी. सदाफुली हसत होती, ऑफिस टाइम वेळेवर उघडत होतं. मोगरा मात्र नुसता पानांनी फुगला. कळी एकही नाही.

मार्चच्या शेवटी दयाराम गच्चीवर आले. आता त्यांना जिने चढताना दोनदा थांबावं लागतं. त्यांनी मोगऱ्याच्या मातीत बोट घातलं आणि ते चिखलाचं बोट नातीला दाखवलं.

"पोरी, हा मोगरा आहे की अळू?"

"आजोबा, ऊन किती आहे बघा ना."

"उन्हावरच जगतं ते. त्याला ताण दे. पाणी बंद."

"किती दिवस?"

"जमिनीत असतं तर पंधरा म्हटलं असतं. कुंडी आहे, सहा बस झाले. मग पानं खुडायची, शेंडे छाटायचे आणि पाणी चालू."

"मरतील ती. मीटिंगला काय काड्या दाखवू?"

"आज काड्या दाखव. कळ्या आपल्या पायांनी येतील."

जाता जाता त्यांनी बोगनवेलीच्या कुंड्या पश्चिमेच्या कठड्याला लावून घेतल्या आणि नाजूक रोपं तिच्या सावलीत सरकवली. "आपल्या वाडीत असंच आहे की. तू मोबाईलमध्ये काय शोधत होतीस?" त्या रविवारी अक्षयाने वाडीत जाऊन नारळाखाली केळी, केळीखाली पानवेल असं सगळं वहीत काढून आणलं.

ते सहा दिवस मोगऱ्यापुरती मी कोरडी होते. चौथ्या दिवशी त्याने माना टाकल्या. अक्षयाने मला काठोकाठ भरलं आणि कुंडीवर धरलं. माझ्या वाकड्या भोकातून एक थेंब तिच्या पायावर पडला. ती तशीच उभी राहिली. मग तिने मला मागे घेऊन सगळं पाणी परत बादलीत ओतलं. झारीच्या आयुष्यात असं फार वेळा होत नाही.

सहाव्या दिवशी पानं खुडली, छाटणी झाली. तेवढ्यात अल्पेशकाका टाकी बघायला वर आले.

"काय गं, बाग कुठे गेली? शेडवाल्याला फोन लावू का?"

"मीटिंगपर्यंत थांबा ना काका. प्रॉमिस केलंय तुम्ही."

ते हसत खाली गेले. मग पाणी सुरू झालं, रोज एकदा, सकाळी. आठवड्याभरात काड्यांना पोपटी फूट आली. एप्रिल सरताना त्या फुटीच्या टोकाला तांदळाएवढं काहीतरी पांढरं दिसलं.

मीटिंग अक्षयाच्या आग्रहाने गच्चीवरच ठेवली होती, संध्याकाळी, कळ्या उमलायच्या वेळेला. शेडचा विषय निघाला तेव्हा मोगऱ्याचा वास गच्चीभर झाला होता, आणि दोघं-तिघं एकदमच म्हणाले, बांबू जिन्याखाली राहतील. अल्पेशकाकांनी वहीत लिहून घेतलं, "कोपरा अक्षयाकडे, पुढच्या मेपर्यंत." मग मला उचलून स्वतः सदाफुलीला पाणी घालायला गेले. त्यांचा डावा बूट भिजला. मी आधीच सांगितलं होतं.

मित्रांनो, मला खुंटीला टांगून विसरू नका आणि नुसत्या फोटोसाठी रंगवूही नका. मला भरा. पण ओतण्याआधी मातीत एक बोट घालून बघा. बोट ओलं आलं, तर मला खाली ठेवा. मला राग येत नाही.