निरोपानंतरचा पासवर्ड

सम्यकचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. त्याच वर्षी करुणा सून म्हणून घरात आली आणि सासऱ्यांच्या, साहेबरावांच्या, संस्थेचा संगणकही तिच्या हाती आला. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना शहराच्या औरंगपुरा भागातली ही संस्था आसरा देई.

संस्थेचा ईमेल एक, पासवर्ड एक, आणि तो सगळ्यांना पाठ. नवा माणूस आला की साहेबराव चहा पाजून स्वतः पासवर्ड सांगत. कुणी काम सोडलं की शाल देऊन निरोप देत, पासवर्ड मात्र बदलत नसत. "माणसाची पाठ फिरली की कुलूप बदलायचं? त्याला चोर ठरवल्यासारखं होतं ते," असं त्यांचं म्हणणं.

"मामा, ज्याचं त्याचं खातं वेगळं करू," करुणा म्हणाली.

"तू माणसं तपासत बस, मी जोडत बसतो," साहेबराव हसले. विषय तिथंच मिटला.

पावसाळा सरला आणि एका दुपारी आसऱ्याला आलेल्या रूपाचा साहेबरावांना फोन आला. संस्थेनं तिला शहरातच, सिडको भागात एका बाईंच्या घरी ठेवलं होतं. पत्ता फक्त ईमेलात होता, तरी नवरा दारात येऊन उभा राहिला. घरमालकिणीनं कडी घालून पोलीस बोलावले म्हणून ती वाचली.

"काका, पत्ता कुणी दिला?" तिनं विचारलं.

रूपाचं सासर वैजापूरचं. दोन वर्षांपूर्वी शाल घेऊन वैजापूरला परतलेला संस्थेचा कारकून बद्रीनाथ साहेबरावांना आठवला. त्यांनी फोन लावला.

"व्हय साहेब, मीच ईमेलात बघून दिला," बद्रीनाथनं काही लपवलं नाही. "तिचा सासरा लई रडला माझ्यापुढं. म्हटलं, संसार जुळंल. अन् पासवर्ड तुम्हीच दिलता की. परत कुठं मागितला?"

साहेबरावांनी फोन ठेवला. बद्रीनाथ चोर नव्हता. दार त्यांनी स्वतःच उघडं ठेवलं होतं, आणि आत रूपा होती!

त्या दिवशीच रूपाला दुसरीकडं हलवलं. दुसऱ्या सकाळी करुणानं संस्थेच्या ईमेलला नवे नियम लावले. प्रत्येकाचं खातं वेगळं. पासवर्डनंतर आपापल्या मोबाइलवर येणारा आकडाही टाकायचा. काम सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद.

"आता आमच्यावर पहारा व्हय?" जुन्या कार्यकर्त्या सुरेखाबाईंनी टोमणा मारला.

"ताई, उद्या पत्ता फुटला आणि खातं एकच असलं, तर संशय इथल्या आपल्या पाचही जणांवर," करुणा म्हणाली. "वेगळं असलं, तर पत्ता कुणी उघडला ते दिसेल, आणि तुम्ही नव्हता हे तुमचं खातंच सांगेल."

सुरेखाबाईंनी मोबाइल पुढं केला.

बायकांचे पत्ते आता फक्त सुरेखाबाई आणि करुणा यांनाच दिसणार होते.

"मामा, तिसरं नाव तुमचं घातलंय."

"नको," साहेबराव म्हणाले. "उद्या एखादा सासरा माझ्यापुढं रडला, तर मीबी सांगून टाकीन. माझा भरवसा नाय. नाव काढ."

करुणानं नाव काढलं. पुन्हा कुणालाही रूपाचा माग लागला नाही.

वाचकहो, आपल्या कार्यालयात, शाळेत, पतपेढीत असा सगळ्यांचा एक पासवर्ड असेल, तर ती पद्धत आजच मोडा. निरोप प्रेमानं द्या, शालही द्या. पण दुसऱ्याचा जीव ज्यावर अवलंबून आहे, ते कुणाच्या भिडेवर सोडू नका. नियम स्वतःला आधी लावा, म्हणजे इतरांना तो अपमान वाटत नाही.

तो नियम स्वतःला आधी लावणारे साहेबराव सतरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, राहत्या घरी वारले.